चोरकप्प्यातील औषध

दुखण्यांच्या बाबतीतही आमच्या मध्यमवर्गीय घरांत मोठा पंक्तिप्रपंच चालतो. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी ही पहिल्या पंगतीची मानकरी मंडळी. लग्नाकार्यात दोन समवयस्क गृहस्थ एकमेकांस भेटले, की क्षेमकुशलाच्या पाठोपाठ ह्यांची नावे निघतात, आणि कोणाची साखर किती ह्याची चर्चा जिलबीच्या ताटावर बसूनच होते. हृदयविकाराला तर एक प्रकारचे वैभवच प्राप्त झाले आहे. ज्याच्या रोहिणीत जाळी बसवली आहे, तो मनुष्य ती हकीकत एखाद्या तीर्थयात्रेसारखी सांगतो. मूळव्याध दुसऱ्या पंगतीला बसते. तिचा उल्लेख होतो, पण आवाज खाली आणून. मात्र एक दुखणे असे आहे, की त्याला आमच्या घरात पानच मांडले जात नाही. ते मागल्या दाराने येते आणि मागल्या दारीच उभे राहते. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या शरीरात, त्याची इच्छा असूनही, समागमाला आवश्यक ती ताठरता येईनाशी होते, ते हे दुखणे.

ह्या विषयावर एखाद्या प्राध्यापकाने कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात लिहावे, हे काही वाचकांस रुचणार नाही, ह्याची मला जाणीव आहे. परंतु महाराष्ट्रात ह्या धाडसाचा पायंडा एका प्राध्यापकानेच घालून दिला आहे. विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी आपली नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते एकट्याच्या बळावर चालवले. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली अशाच एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले होते. तो खटला कर्वे हरले. तथापि ज्या गोष्टींविषयी लोक डॉक्टरांनाही विचारावयास लाजतात, त्यांविषयी छापील उत्तर देणे हे सभ्य माणसाचे काम असू शकते, एवढे त्यांनी सिद्ध करून ठेवले. प्रस्तुत लेखात मी त्यापलीकडे कोणतेही पाऊल टाकीत नाही.

सर्वप्रथम आपल्या भाषेचाच विचार करू. ज्याला दूरचे दिसत नाही त्याला आपण चष्मा देतो. त्याच्या दृष्टीवरून त्याच्या चारित्र्याची परीक्षा करीत नाही. ज्याचा पाय अधू आहे त्याला काठी देतो. परंतु ह्या एका इंद्रियाने दगा दिला, की त्या मनुष्यासाठी आपल्याजवळ जे शब्द आहेत ते सारे शिव्यांच्या कोठारातले आहेत. 'षंढ' हा शब्द वैद्याच्या चोपडीपेक्षा सभेच्या व्यासपीठावर अधिक ऐकू येतो. 'नपुंसक' हे विशेषण आपण सरकारला लावतो. 'क्लैब्य' हा शब्द तर प्रत्यक्ष भगवंताने कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या भीतीला उद्देशून वापरला आणि तेव्हापासून शरीराचा एक व्यापार आणि मनाचे धैर्य ह्यांची जी गाठ पडली ती आजतागायत सुटलेली नाही. परिणाम असा होतो, की ज्याला हा त्रास आहे तो मनुष्य डॉक्टरपुढे बसला असता त्याला 'माझ्या रक्तवाहिन्यांत काही बिघाड आहे' असे वाटत नाही. 'मी पुरुष राहिलो नाही' असे वाटते. असली कबुली द्यावयास कोण जाईल? इंग्रजीत डॉक्टर मंडळी ह्याला 'इरेक्टाइल डिसफंक्शन' असे कोरडे नाव देतात. त्या नावाचा कोरडेपणा हाच त्याचा मोठा गुण आहे. त्यात निंदा नाही.

आणि निंदा करावी इतके हे दुखणे दुर्मिळ तरी कोठे आहे? अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातील ४० ते ७० वर्षे वयाच्या पुरुषांची एक मोठी पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ५२ टक्के पुरुषांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात होता. आमच्याकडे मधुमेह आणि तंबाखू ह्या दोहोंचे जे साम्राज्य आहे ते पाहता आपण स्वतःला ह्यातून वगळण्याचे काही कारण दिसत नाही. म्हणजे ज्या बैठकीत साठीच्या आसपासचे दहा गृहस्थ राजकारणावर तावातावाने बोलत असतील, तेथे चारसहा जण तरी मनाशी ही एक गोष्ट लपवून बसलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे. आणि प्रत्येकाची समजूत अशी, की हे आपल्या एकट्याच्याच वाट्याला आले.

माझ्या वाट्याला ते त्रेपन्नाव्या वर्षी आले. प्रथम काही महिने मी ते परीक्षांच्या उत्तरपत्रिकांवर ढकलले, कारण प्राध्यापकाच्या घरात कोणत्याही थकव्याचे खापर उत्तरपत्रिकांवर फोडण्याची सोय असते. परंतु उत्तरपत्रिका संपल्या, उन्हाळ्याची सुटी लागली, आणि तरीही स्थिती बदलली नाही. तेव्हा एका संध्याकाळी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यातील शेवटचा रोगी जाईपर्यंत मी बाकावर एक जुने साप्ताहिक तीनदा वाचले. आत गेल्यावर मात्र काम सोपे झाले, कारण डॉक्टरांनी माझ्या तोंडून निघालेल्या अर्धवट वाक्याचे उरलेले अर्धे स्वतःच पुरे केले. मग त्यांनी काही साधे प्रश्न विचारले. हे एकाएकी सुरू झाले की हळूहळू? पहाटे झोपेतून उठताना शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया होते की नाही? कोणत्या गोळ्या चालू आहेत? मनाला काही घोर लागला आहे काय? शेवटी त्यांनी मनगट धरून रक्तदाब मोजला आणि म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, गोळी मी लिहून देईन. पण तिच्याआधी रक्त तपासू आणि हृदयाचा आलेख काढू. हा निरोप्या आहे. निरोप्याला हाकलून देण्यापूर्वी निरोप काय आहे तो ऐकून घ्यावा."

निरोप खरोखरच होता. गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारा तो आकडा साडेसाताच्या पुढे गेलेला निघाला. मला मधुमेह होता आणि त्याची दुसरी कोणतीही खूण अद्याप मला दिसलेली नव्हती. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे: ताठरता ही सर्वस्वी रक्ताच्या प्रवाहावर अवलंबून असते. तेथील रोहिणी एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणी तीन ते चार मिलिमीटरच्या. साखर, तंबाखू, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ह्यांनी रक्तवाहिन्यांची अस्तरे सर्वत्र सारखीच बिघडतात. पण जी नळी मुळात अरुंद तिची तक्रार आधी कानावर येते. म्हणून पुष्कळ पुरुषांत हा दोष हृदयविकाराच्या दोनपाच वर्षे अगोदर दिसतो. ज्या दुखण्याची लाज वाटून मनुष्य ते लपवतो, तेच दुखणे पुष्कळदा त्याच्या हृदयावरील संकटाची आगाऊ वर्दी देत असते. ती वर्दी दडपून केवळ गोळी घेत राहणे म्हणजे, घरात धूर दिसू लागला म्हणून खिडकी उघडावी आणि पुन्हा वाचीत बसावे, तसे आहे.

आता ह्या गोळीचा जन्मवृत्तान्त सांगतो, कारण तो जाणल्यावाचून तिच्यातील धोका नीट उमगत नाही. इंग्लंडमधील केंट परगण्यात सँडविच नावाचे एक गाव आहे. तेथील फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८०नंतरच्या दशकात हृदयशूळावर औषध शोधण्याचा उद्योग चालला होता. हृदयाच्या रोहिणी रुंदावतील अशी अपेक्षा बाळगून एक द्रव्य तयार करण्यात आले. त्याचे नाव सिल्डेनाफिल. हृदयशूळावर त्याचा गुण बेताचाच आला. परंतु ज्या स्वयंसेवकांना ते दिले होते, त्यांनी एक अनपेक्षित परिणाम कळवला. शास्त्रज्ञांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली नाही, आणि २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने व्हायग्रा ह्या नावाने त्या गोळीस मान्यता दिली.

योगायोग असा, की त्याच १९९८ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नॅरो आणि म्युरॅड ह्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस मिळाले. नायट्रिक ऑक्साइड हा एक साधा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंना सैल पडावयास सांगतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. मनात इच्छा उत्पन्न झाली, की मज्जातंतूंच्या टोकांशी हाच वायू सुटतो. त्यामुळे सायक्लिक जीएमपी नावाचे द्रव्य तयार होते, स्नायू सैलावतात, रक्त आत शिरते. पुढे एक पाचकद्रव्य त्या जीएमपीचा नाश करते आणि सारे पूर्ववत् होते. सिल्डेनाफिल त्या नाश करणाऱ्याचा हात धरून ठेवते, एवढेच तिचे काम. ह्यातून एक गोष्ट आपोआप सिद्ध होते, ती अशी की गोळी इच्छा उत्पन्न करीत नाही. दिवा आधी मनातच लागावा लागतो. गोळी केवळ वाऱ्यापासून ज्योतीला आडोसा धरते. जो मनुष्य गोळी घेऊन वर्तमानपत्र वाचीत बसेल, त्याला वर्तमानपत्राखेरीज काही लाभणार नाही.

ह्याच नायट्रिक ऑक्साइडशी दुसऱ्या एका औषधाचे जुने नाते आहे. हृदयशूळ उठला असता जिभेखाली जी गोळी ठेवतात, ती नायट्रेटच्या वर्गातली. आमच्या घरोघरी ती सॉर्बिट्रेट ह्या नावाने माहीत आहे, आणि पुष्कळ वयस्क माणसे ती देवाच्या अंगाऱ्यासारखी खिशात बाळगतात. ह्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे नायट्रोग्लिसरीन. त्याच द्रव्यापासून डायनामाइट करून आल्फ्रेड नोबेल धनाढ्य झाला, आणि १८९६ साली, आयुष्याच्या अखेरीस, त्याच्याच हृदयासाठी डॉक्टरांनी त्याला तेच द्रव्य सुचवले. नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइडचा पुरवठा करतात; म्हणजे नळ उघडतात. सिल्डेनाफिल आणि तिच्या बहिणी मोरीचे तोंड बंद करतात. ह्यांपैकी एकच गोष्ट केली तर शरीर सांभाळून घेते. दोन्ही एका वेळी केल्या, तर सर्व अंगातील रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब धाडकन कोसळतो आणि मनुष्य मृत्यूच्या दारी जाऊ शकतो. ज्याला नायट्रेटचे औषध चालू आहे, मग ते रोजचे असो, कातडीवर चिकटवण्याचे असो, वा क्वचित जिभेखाली ठेवण्याचे असो, त्याने ह्या वर्गातील गोळीला स्पर्श करू नये. निकोरँडिल हे हृदयशूळावरील औषधही ह्याच नियमात येते. ह्या निषेधाला मात्रा कमी करण्याची वा 'एकदाच घेतली तर काय होते' अशी पळवाट नाही.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अभियंत्यांची हकीकत येथे सांगतो. त्यांची संमती घेतली आहे, नाव मात्र सांगत नाही. मनुष्य मोठा व्यवस्थित. घराच्या वीजबिलांची वीस वर्षांची धारिका त्यांच्या कपाटात सापडेल. पण ही एक गोळी त्यांनी कोणा मित्राच्या शिफारशीवरून, डॉक्टरांना न विचारता, दूरच्या पेठेतील दुकानातून आणली आणि कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवली. ती टॅडालाफिल होती. सिल्डेनाफिलचा अंमल चारसहा तासांत ओसरतो. टॅडालाफिलचा छत्तीस तासांपर्यंत टिकतो. रात्री गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर त्यांच्या छातीत कळ आली. शेजारचे सद्गृहस्थ धावत आले आणि त्यांनी स्वतःजवळची सॉर्बिट्रेट त्यांच्या जिभेखाली ठेवली. पाचसात मिनिटांत त्यांचे डोळे फिरले आणि ते खुर्चीतच कलंडले. रुग्णालयात डॉक्टरांनी पत्नीला विचारले, "ह्यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?" त्या बाईंनी रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगितले, थायरॉइडच्या गोळीचे सांगितले, झोपण्यापूर्वी घेतलेल्या इसबगोलाचेही सांगितले. जे सांगावयास हवे होते ते त्यांना ठाऊकच नव्हते. थोड्या वेळाने गृहस्थ शुद्धीवर आले आणि डॉक्टर जवळ वाकले असता त्यांनी स्वतःच पुटपुटत ते नाव उच्चारले, म्हणून पुढील उपचार नायट्रेट वगळून झाले आणि ते वाचले. सिल्डेनाफिल घेतल्यापासून निदान चोवीस तास आणि टॅडालाफिल घेतल्यापासून निदान अठ्ठेचाळीस तास नायट्रेट द्यावयाचे नसते, हे कोणत्याही इस्पितळात ठाऊक असते. पण त्यासाठी गोळी घेतली आहे हे कोणीतरी सांगावे लागते.

बाई पुढे आमच्या घरी आल्या होत्या. माझ्या पत्नीशी बोलताना त्या म्हणाल्या, "त्यांनी गोळी घेतली ह्याचा मला राग नाही हो. बत्तीस वर्षे संसार केला, त्यांच्या आईचे शेवटचे दुखणे मी काढले, आणि ह्यांचे प्राण ज्यात गुंतलेले तेवढे मात्र मला सांगावेसे वाटले नाही, ह्याचे वाईट वाटते." ह्यावर माझी पत्नी काही बोलली नाही. मला मात्र त्या वाक्याने ह्या साऱ्या विषयाचे मर्म सांगितल्यासारखे झाले.

कारण गोळी स्वतः काही क्रूर नाही. गेली पंचवीसहून अधिक वर्षे जगातील लक्षावधी पुरुष ती घेत आले आहेत आणि योग्य माणसाने योग्य रीतीने घेतली असता ती सुरक्षित ठरली आहे. तिचे नियमही फार अवघड नाहीत. सिल्डेनाफिल साधारणतः पन्नास मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि समागमाच्या सुमारे एक तास आधी घेतात. पासष्टीच्या पुढे, किंवा यकृत वा मूत्रपिंड दुबळे असल्यास, पंचवीसच. शंभरावर जाऊ नये, आणि दिवसातून एकीहून अधिक घेऊ नये. पुरणपोळी आणि तुपाच्या जेवणावर ती घेतली तर तिचा प्रवेश लांबतो, आणि मनुष्य उगाच 'गुण नाही' म्हणून दुसरी गोळी तोंडात टाकतो, हे टाळावे. टॅडालाफिलला जेवणाचे हे पथ्य नाही. ती एकतर प्रसंगी घेतात अथवा अल्प मात्रेत रोज. एकदा निराशा झाली म्हणून गोळी टाकून देऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाचसहा प्रसंग पाहावे. मग मात्रा वा गोळी बदलता येते. मधुमेह जुना असेल तर गुण कमी येतो. त्यासाठी अन्य उपायही आहेत, आणि तेही डॉक्टरांजवळ बोलल्यावाचून कळत नाहीत.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, छातीत जळजळणे हे नेहमीचे किरकोळ उपद्रव. सिल्डेनाफिलने काहींना थोडा वेळ जग निळसर दिसते, कारण डोळ्याच्या पडद्यातील एका तत्सम पाचकद्रव्यावरही तिचा हात पडतो. टॅडालाफिलने पाठ आणि स्नायू दुखतात. परंतु एका डोळ्याची दृष्टी एकाएकी गेली, कान एकदम बंद पडला, अथवा ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही, तर लाज गुंडाळून तडक रुग्णालय गाठावे. शेवटच्या प्रकारात उशीर केला तर तेथील ऊती कायमच्या निकामी होतात. दुसऱ्या औषधांशीही तिचे सगळ्यांशीच जमते असे नाही. प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिनसारखी औषधे पुष्कळांना चालू असतात. त्यांच्या जोडीने ही गोळी घेतली तर उठून उभे राहताना घेरी येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली अल्प मात्रेने सुरू करावी लागते. बुरशीवरील आणि एचआयव्हीवरील काही औषधांनी हिची रक्तातील पातळी भलतीच वाढते. उलटपक्षी, रक्तदाबाच्या वा मनाच्या उदासीनतेवरील काही गोळ्यांमुळेच मुळात हा दोष उत्पन्न झालेला असू शकतो. अशा वेळी त्या गोळ्या आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्याव्या. आणि हृदयाच्या तयारीविषयी आमच्या डॉक्टरांनी दिलेली कसोटी अगदी घरगुती आहे: दोन जिने बऱ्यापैकी वेगाने चढून गेल्यावर छातीत कळ आली नाही वा दम कोंडला नाही, तर एवढा श्रम हृदयाला बहुधा सोसतो. ज्याला जिनाच सोसत नाही, त्याने आधी हृदयाकडे पाहावे.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हे एक स्वतंत्र अंग मानलेले आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर अध्याय आहे. म्हणजे आमचे पूर्वज ह्या विषयाला वैद्यकाचा विषय समजत होते. लाजेचा समजत नव्हते. त्या परंपरेचे नाव घेऊन रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर जे चितारलेले असते, त्याचा मात्र ह्या परंपरेशी संबंध नाही. 'निराश होऊ नका, एकदा भेटा' असे आश्वासन देणारे ते तंबूतील महापुरुष माणसाच्या अबोलपणावर जगतात. कामशक्ती वाढवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींस १९५४च्या कायद्याने ह्या देशात बंदी आहे, आणि त्या भिंती अद्याप बोलक्या आहेत! ह्याहून गंभीर गोष्ट अशी, की 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत आणि कॅप्सुलांत चोरून सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार उघडकीस आणले आहे. जो हृदयरोगी डॉक्टरांची गोळी टाळून, वनस्पती म्हणून निर्धास्तपणे ते चूर्ण घेतो, त्याच्या पोटात तीच गोळी जाते. आणि किती मात्रेने, हे चूर्ण करणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पूर्वी हा दोष बहुतांशी मनाचाच समजला जाई. १९८३ साली ब्रिंडली नावाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने अमेरिकेतील लास व्हेगास येथे मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत, स्वतःला औषधाचे इंजेक्शन टोचून घेऊन, त्याचा परिणाम श्रोत्यांसमक्ष दाखवला आणि निव्वळ औषधानेही हे घडू शकते ह्याविषयी शंका ठेवली नाही. सभ्यतेच्या दृष्टीने ह्या प्रयोगाविषयी कोणी काही म्हणो. शास्त्रासाठी ह्याहून अधिक संकोच गिळल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही. तथापि मनाचा वाटा अगदीच नाही असेही नव्हे. एकदा अपयश आले, की पुढच्या वेळी त्याची भीती आधीच येऊन बसते, आणि भीतीने रक्तवाहिन्या आक्रसतात. ही भीती उतरवावयास गोळीइतकाच समोरच्या माणसाचा विश्वास लागतो.

म्हणूनच डॉक्टरांचा कागद घेऊन घरी आल्यावर मी तो पत्नीच्या हाती दिला. तिने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "अहो, मधुमेहाची गोळी सकाळची की रात्रीची?" दुसऱ्या गोळीविषयी ती त्या दिवशी काही बोलली नाही. दोन दिवसांनी म्हणाली, "गेले काही महिने तुम्ही दिवा लवकर मालवून पाठ फिरवून झोपत होता. मला वाटे, माझ्याच वयाने तुम्हाला कंटाळा आणला." हे ऐकण्याची माझी तयारी नव्हती. पुरुष आपले दुखणे लपवतो तेव्हा तो आपल्या अब्रूचे रक्षण करीत आहे अशी त्याची समजूत असते. पण त्या मौनाचा अर्थ शेजारी झोपलेले माणूस आपल्या परीने लावीत असते, आणि तो बहुधा स्वतःलाच दोष देणारा असतो. त्या वयात स्त्रीच्या शरीरातही बदल झालेले असतात, तिला कोरडेपणाचा त्रास होतो, तिची इच्छा कमी वा निराळी झालेली असते. गोळी एकाने घ्यावयाची असली तरी निर्णय दोघांचा आहे. आम्ही त्यानंतर जे बोललो त्यातील पुष्कळसे पंचवीस वर्षांत कधी बोललो नव्हतो. आणि त्यात गोळीचा विषय फार थोडा होता.

मधुमेहामुळे माझे संध्याकाळचे फिरणे सुरू झाले, भाताची वाटी लहान झाली, आणि साखर आटोक्यात आली. त्याचाही उपयोग ह्या दोषाला झाला. गोळी मी क्वचित घेतो. ती आता चोरकप्प्यात नसून जेवणाच्या टेबलावरील डब्यात, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या शेजारी असते. आमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी पाकिटात एक लहान पत्ता ठेवतो. त्यावर मला चालू असलेल्या सर्व औषधांची नावे पत्नीच्या हस्ताक्षरात लिहिलेली आहेत. त्या यादीत चौथ्या ओळीवर हिचेही नाव आहे, आणि त्याच्यापुढे कंसात तिने लिहिले आहे: 'नायट्रेट देऊ नये.' अभियंत्यांच्या घरीही असा पत्ता तयार झाल्याचे परवा त्यांच्या पत्नीने सांगितले. तो त्यांनी स्वतः टंकलिखित केला असून त्याच्या तीन प्रती काढल्या आहेत.